करिअरचं नंतर बघू, आधी पगार वाढवायचाय? कोल्हापुरात असं शोधा

भावा, आयुष्यभर एकच काम करायचं नाही पण आत्ता हातात चार पैसे जास्त पाहिजेत, यात चुकीचं काहीच नाही. फक्त आधीची नोकरी सोडून शोधू नको, पगार चालू असताना शोधलं की घासाघीस करता येते.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल, तिन्ही एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीनशॉप भरपूर, त्यामुळं सीएनसी किंवा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापून पार्ट बनवणारी मशीन) चालवता येत असेल तर सहा-आठ महिन्यांनी दुसरीकडं विचारून बघायला हरकत नाही. गेटवर बायोडाटा देऊन वाट बघत बसण्यापेक्षा आत काम करणाऱ्या मित्राला विचार, जागा कुठं रिकामी होणार हे त्याला आधी कळतं. मशीन येत नसेल तर साखर कारखान्याचा सीझन बघ, ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू होतं, त्याच्या महिनाभर आधीच जाऊन भेटायचं.

इंटरव्ह्यूत सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ऐकून खूश होऊ नको, सरळ विचार "हातात किती येणार?" पीएफ साधारण बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के कापतात, ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं मिळायला पाहिजे, हे दोन्ही आधीच बोलून घे. आणि बाँड (ठराविक काळ नोकरी सोडणार नाही असा करार) वाचल्याशिवाय सही करायची नाही, मी एकदा घाईत केली आणि वर्षभर अडकून पडलो, चांगली ऑफर समोरून गेली, अजून वाईट वाटतं. नोकरी बदलली तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच द्यायचा, पीएफ नवीन खात्यात ट्रान्सफर करून घ्यायचा.