आजोबांचा दाढीचा संच उकळू नका

जुना दाढीचा संच वारशाने हाती आला की पहिला मोह होतो तो सगळं उकळत्या पाण्यात टाकण्याचा. तसं करू नका. ब्रशचे केस मुळाशी डिंकाने धरलेले असतात, ते सुटतात. बेकेलाइटची, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकची, मूठ निस्तेज होते. व्हिनेगरही नको, निकेलचा मुलामा खराब होतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश पुरे. साबणाचा थर हट्टी असेल तर दहा मिनिटं भिजू द्या. मग पुसून कोरडं करा; ब्रश झटकून उघड्यावर वाळवा.

जुनी ब्लेड मात्र वापरू नका. दोन्ही बाजूंनी धार असलेली आजची ब्लेड बहुतेक जुन्या सेफ्टी रेझरमध्ये बसतात. जिलेटच्या रेझरवर एक अक्षर व एक आकडा कोरलेला दिसला, तर अक्षरावरून वर्ष आणि आकड्यावरून तिमाही कळते.

आणि हो, धुण्याआधी डबी उघडून एकदा वास घ्या. तो साबणाबरोबर निघून जातो. मी घेतला नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून संच कोणाचा, कधीचा, हे चिठ्ठीवर लिहून डबीतच ठेवा.