जुन्या होम कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय दुरुस्त करताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं बंद पडून असलेला कॉमोडोर 64 किंवा बीबीसी मायक्रो हाती आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बटण दाबण्याचा. ‘चालतोय का, ते तरी बघू!’ सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पॉवर सप्लाय बिघडला तर दुरुस्त करता येतो, नवा बसवता येतो. पण त्याने पाच व्होल्टच्या जागी आठ-नऊ व्होल्ट सोडले तर पलीकडच्या सिड (आवाजाची), व्हिक (चित्राची) किंवा यूएलए (त्या मशीनसाठी खास बनवलेली) अशा चिप्स जातात, आणि त्यांचं कारखान्यात बनणं कधीच थांबलंय. म्हणून माझा आग्रह असा, की सप्लाय आधी एकटा तपासायचा, लोड टाकून, म्हणजे करंट ओढणारं काही जोडून तपासायचा आणि खात्री पटल्याशिवाय कॉम्प्युटरला जोडायचाच नाही.

प्लग काढला म्हणजे धोका टळला, असं समजणं

एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पद्धतीच्या सप्लायमध्ये) 230 व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय झाला, म्हणजे एसीचा डीसी झाला, की मुख्य कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट डीसी साठतात. तो कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर ओपन झाला असेल तर प्लग काढल्यावरही हे व्होल्ट बराच वेळ तसेच राहतात. स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं शॉर्ट करू नका; ठिणगी उडते, बोर्डावरचा ट्रॅक उडतो आणि कपॅसिटरचंही नुकसान होतं. 2.2 किलोओहम, 10 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून ठेवा, तो टोकांना काही सेकंद लावा आणि मग मल्टीमीटरने मोजून पाहा. मोजल्याशिवाय हात घालायचा नाही.

याच भागातली दुसरी चूक ऑसिलोस्कोपची. प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. ती प्रायमरी बाजूला, म्हणजे मेनशी थेट जोडलेल्या भागाला लावलीत की ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) थेट शॉर्ट होतो. सप्लायला मेनपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर स्कोप प्रायमरीकडे नेऊच नका. मेनच्या वायरिंगवर काम करायची सवय नसेल तर या भागात हात न घालता सप्लाय जाणकाराकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

इनपुटचा जुना कपॅसिटर तसाच ठेवणं

बीबीसी मायक्रो आणि ॲपल टू या मशीनच्या सप्लायमध्ये मेनच्या तोंडाशी रिफा कंपनीचे कपॅसिटर हमखास दिसतात. पारदर्शक, पिवळसर मधाच्या रंगाचं चौकोनी कवच आणि आत गुंडाळलेला धातूचा मुलामा असलेला कागद. टॉर्च तिरपा धरून बघा, कवचावर केसासारख्या बारीक भेगा दिसतील. त्या भेगांतून हवेतला ओलावा आत शिरतो, कागद तो धरून ठेवतो आणि एक दिवस, मशीन सुरू केल्यावर थोड्या वेळाने, आतून फटकन आवाज येतो आणि उग्र वासाचा दाट धूर निघतो. गंमत म्हणजे कॉम्प्युटर बऱ्याचदा चालूच राहतो, कारण या कपॅसिटरचं काम फक्त मेनच्या लाइनवरचा गोंगाट अडवण्याचं असतं. पण मागे चिकट, तपकिरी थर बोर्डभर उरतो आणि तो साफ करणं जिकिरीचं असतं.

भेगा असोत वा नसोत, हे कपॅसिटर आधीच बदला. मात्र त्या जागी हाताला लागेल तो फिल्म कपॅसिटर बसवू नका. लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये एक्स2 या सुरक्षा दर्जाचा आणि लाइन-अर्थच्या मध्ये वाय2 दर्जाचाच हवा. वाय दर्जाचा कपॅसिटर शॉर्ट होणार नाही अशा बेताने बनवलेला असतो. तिथे साधा कपॅसिटर बसवून तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग नीट नसलं तर मशीनच्या धातूच्या भागांत करंट येतो.

फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज बसवणं

फ्यूज उगाच उडत नाही. ब्रिजमधला डायोड किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. नवा फ्यूज बसवण्याआधी हे दोन्ही मीटरने तपासा, आणि पहिल्यांदा सप्लाय सुरू करताना मेनच्या लाइनमध्ये सिरीज बल्ब लावा. 60 किंवा 100 वॅटचा तारेचा जुना बल्बच हवा, एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेड देत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

ट्रान्झिस्टर बदलताना त्याच्या खालची अभ्रकाची पातळ चकती परत बसवायला लोक विसरतात. ट्रान्झिस्टरची पाठ आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्युटी दाखवत असेल तर चकती राहिली आहे किंवा फाटली आहे.

लोड न लावता निकाल देणं

जुने बरेच एसएमपीएस लोडशिवाय सुरूच होत नाहीत, नुसते टिक-टिक करत राहतात किंवा भलतेच व्होल्टेज दाखवतात. चांगला सप्लाय यामुळे भंगारात जातो. पाच व्होल्टच्या आउटपुटवर 5 ओहम, 10 वॅटचा रेझिस्टर लावा. एक ॲम्पियरचा लोड मिळतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, टेबलावर उघडा ठेवू नका. लोड असूनही टिक-टिक थांबत नसेल, तर आउटपुटचे डायोड आणि प्रायमरीकडचा, सप्लाय सुरू करून देणारा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा.

ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या ॲडॉप्टरची तऱ्हा उलटी. झेडएक्स स्पेक्ट्रमचा 9 व्होल्टचा ॲडॉप्टर लोडशिवाय 12-13 व्होल्ट दाखवतो, तो बिघडलेला नसतो. त्याची खरी मेख म्हणजे पिन आतून निगेटिव्ह असते. नेहमीचा, आतून पॉझिटिव्ह असलेला ॲडॉप्टर खोचणं म्हणजे बोर्डाला घात. स्पेक्ट्रमच्या बोर्डावर 12 आणि उणे 5 व्होल्ट तयार करणारा टीआर4 हा ट्रान्झिस्टर जळाला असेल, तर नुसता तो बदलून भागत नाही. कॉइल शॉर्ट असेल किंवा 4116 मेमरी चिप गेली असेल तर नवाही तसाच जातो. मशीन चालू असताना मागचं इंटरफेस काढ-घाल करणं हेही टीआर4 च्या मरणाचं नेहमीचं कारण.

कॉमोडोर 64 च्या पॉवर सप्लायचा ठोकळा

याबद्दल माझं मत ठाम आहे: तो दुरुस्त करत बसू नका. आत सगळं रेझिनमध्ये गाडलेलं असतं, उष्णता बाहेर पडत नाही आणि पाच व्होल्टचा रेग्युलेटर शॉर्ट झाला की व्होल्टेज वर चढतं. पहिला बळी बहुधा मेमरी चिप्सचा. थंड असताना मीटरवर 5.0 दिसलं म्हणून विसंबू नका, बिघाड तापल्यावरही उमटतो. नवा, ओव्हरव्होल्टेज संरक्षण असलेला सप्लाय घ्या. स्वतः बांधणार असाल तर एक लक्षात ठेवा: कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या कनेक्टरच्या पिन 5 वर पाच व्होल्ट आणि पिन 2 वर ग्राउंड असतं, पण पिन 6 आणि 7 वर 9 व्होल्ट एसी लागतो. तिथे डीसी देऊन चालत नाही. आतलं घड्याळ मेनच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, ती त्याला याच एसीतून मिळते.

सरसकट कपॅसिटर बदलणं

आउटपुटला 105 अंशांचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर हवेत. साधे लावले तर ते लवकर तापून जातात. क्षमता दुप्पट केली म्हणून काम दुप्पट चांगलं होत नाही, उलट सुरू होतानाचा करंट वाढतो. इलेक्ट्रोलिटिकवर पट्टा निगेटिव्हकडे असतो, टॅन्टॅलमवर खूण पॉझिटिव्हला. या फरकामुळे कित्येक टॅन्टॅलम उलटे बसून पेटले आहेत. काढण्याआधी बोर्डाचा फोटो घ्या.

सप्लायजवळ मोजून थांबणं

सप्लायच्या टोकाला 5.1 व्होल्ट, पण स्क्रीनवर मात्र कचरा! अशा वेळी व्होल्टेज वाढवायचा स्क्रू फिरवू नका. कॉम्प्युटरचं बटण आणि कनेक्टर गंजले असतील तर चिपपर्यंत 4.6 व्होल्टच पोचतात. टीटीएल चिप्सना (त्या काळच्या नेहमीच्या लॉजिक चिप्सना) 4.75 ते 5.25 लागतात. एखाद्या चिपच्या पिनवर मोजा, संपर्क साफ करा, पुन्हा मोजा. स्क्रू फिरवून भरपाई केलीत आणि नंतर कुणी बटण साफ केलं, तर तेच जादा व्होल्टेज थेट चिप्सवर जाईल.