हजेरीपट आणि शंभरावे मेंढरू

डी.एल.एड. ही शिक्षक पदविका पूर्ण करून शिक्षकभरतीच्या अभियोग्यता चाचणीच्या तयारीला लागलेली आमच्या ख्रिस्ती मंडळीतील मुलेमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: शिक्षकाने आपला विश्वास घरी ठेवून शाळेत जायचे, की तो वर्गात बरोबर न्यायचा? अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका अनुदानित शाळेत चोवीस वर्षे पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकविल्यानंतर मी इतके सांगू शकते की, वर्गात येशूचे नाव मी क्वचितच घेतले असेल. परंतु वर्गात शिरल्यावर आधी कोणत्या मुलाकडे पाहायचे, हे मला त्याच्याच शिकवणीने ठरवून दिले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या पाळकांच्या पत्नीने, ज्या स्वतः निवृत्त शिक्षिका होत्या, मला एक सवय लावून दिली. रोज पहाटे हजेरीपटातील दहा नावे एकेक करून घ्यायची आणि त्या त्या मुलासाठी प्रार्थना करायची. माझ्या वर्गात अठ्ठावन्न मुले होती, म्हणजे आठवड्यात सर्वांची नावे होत. तिसऱ्या आठवड्यात एका नावापाशी मी अडखळले, कारण त्या मुलाचा चेहराच डोळ्यांसमोर येईना. तो भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर बसे, खोडी काढीत नसे आणि उत्तरासाठी हातही वर करीत नसे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून वाचायला दिले, तेव्हा कळले की पाचवीत येऊनही त्याला जोडाक्षरे वाचता येत नव्हती. मी त्याच्यासाठी प्रार्थना करीत होते खरी, पण त्या प्रार्थनेने आधी माझीच परीक्षा घेतली. नव्याने रुजू होणाऱ्यांना मी इतर कोणत्याही उपायाआधी हा सांगते, कारण त्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि आपण कोणाकडे पाहिलेच नाही हे तो आठवडाभरात दाखवून देतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण शाब्बाथ शाळेपासून ऐकत आलेलो आहोत: शंभरांतले एक मेंढरू चुकले, तर मेंढपाळ नव्व्याण्णव मागे ठेवून त्याच्या शोधात निघतो. आमच्या भागात तो परका वाटत नाही. पीक निघालेल्या रानात धनगर मेंढरे बसवितात आणि अंधार पडण्यापूर्वी कळप मोजतात, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. मला मात्र तो दाखला खऱ्या अर्थाने समजला तो ऊसतोडीच्या हंगामात. पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरांत बसून कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि नवरा-बायकोच्या जोडीला जेथे ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, तेथे धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीण बरोबर न्यावीच लागते. वर्गात उरलेल्या मुलांचा अभ्यासक्रम पुरा करणे हे आपले कामच आहे आणि त्याचा हिशेब वरून मागितला जातो. गेलेल्या मुलीचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. म्हणून गृहभेटी नवरात्रापासूनच सुरू कराव्यात, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झाल्यानंतर नव्हे. आजी किंवा चुलती घरी राहणार असेल तर मूल तिच्याजवळ ठेवण्याविषयी बोलावे, हंगामी वसतिगृहाची सोय होते का हे मुख्याध्यापकांमार्फत पाहावे, आणि मूल जाणारच असेल तर त्याला शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे फडाजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. यातले काहीच साधले नाही, असेही अनेकदा होते. तरीही दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच घरी जावे लागते.

माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगितली पाहिजे. सहावीतील एका मुलीला मळक्या गणवेशावरून मी परिपाठाच्या वेळी सर्वांदेखत टाकून बोलले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केलेली आहे, हे मला पाठ होते. पण आपले बोलणे त्यात मोडते, असे त्या क्षणी वाटले नाही. तिची आई आजारी होती आणि पाणी भरून, भाकरी थापून ती शाळेत येत होती, हे मला संध्याकाळी समजले. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीपूर्वी आपण सर्वांसमोर पापांगीकार करतो. मग ज्यांच्यासमोर मी तिचा अपमान केला त्यांच्यासमोरच क्षमा मागणे मला टाळता येईना. दुसऱ्या दिवशी त्याच परिपाठात मी तिची क्षमा मागितली. शिक्षकाचा दरारा त्यामुळे जातो, अशी भीती काही सहकाऱ्यांनी बोलून दाखविली होती. माझा अनुभव तसा नाही.

मात्र क्षमेची शिकवण कोठे लावायची नाही, हेही नवख्या शिक्षकाला स्पष्ट ठाऊक असले पाहिजे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर प्रार्थना करून आणि दोन्ही घरांना समजावून प्रकरण मिटविणे हे ख्रिस्ती प्रेम नव्हे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना खबर देणे बंधनकारक केले आहे, आणि १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

विश्वास आणि पालकांचा भरवसा यांच्या संबंधाचा विचार आमच्या भागात दोन आठवणींशिवाय पुरा होत नाही. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतलेल्या सावित्रीबाई फुले आपल्या स्वतंत्र वाटेने गेल्या, आणि त्या धड्यांचे मोल त्यामुळे तसूभरही कमी झाले नाही. दुसरी आठवण पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाची, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या निवासी शाळेची आहे. १८८९ मध्ये निघालेल्या त्या संस्थेत काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या गेल्या, त्यावरून १८९३ मध्ये वाद पेटला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर माझी अपार श्रद्धा आहे, आणि त्यांनी आपली प्रार्थना लपवून करावी असे मी कधीच म्हणणार नाही. पण शिक्षण सुटले ते मुलींचे, ही गोष्ट मला अजून बोचते. आज संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही बालकाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसविता येत नाही. हा नियम मला अडचणीचा वाटत नाही. वारकरी घरातल्या, मुसलमान घरातल्या आईने मूल माझ्या हाती दिले ते अक्षरांसाठी, आणि माझ्या मायेच्या बदल्यात तिला काही द्यावे लागेल अशी शंकासुद्धा तिच्या मनात येता कामा नये.

मार्च-एप्रिलमध्ये फडावरची मुले परततात. तोवर त्यांच्या वह्या मी कपाटात वेगळ्या ठेवते, त्यांत राहिलेल्या धड्यांची थोडक्यात टिपणे वर्गातील मुलांकडूनच लिहून घेते, आणि बाकावरची त्यांची जागा दुसऱ्या कोणाला देत नाही. परतल्याच्या पहिल्या दिवशी इतके दिवस कोठे होतीस, असे विचारायचे नाही. वही पुढे ठेवायची आणि हजेरी घेताना तिचे नाव नेहमीच्याच आवाजात पुकारायचे.