निवडणूक-खर्चावर नजर ठेवायची, तर पैसा कुणाचा घ्यायचा?

उमेदवारांचे खर्चाचे हिशेब तपासणारी संस्था काढायची, तर देणगी मागायला बाहेर पडण्याआधी कामाचा आकडा हातात हवा. ‘लोकशाही बळकट करायची आहे’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि पाचशे एकची पावती फाडून मोकळा होतो. त्यापेक्षा काम मोजून दाखवा. मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ: शहर जिल्ह्यात १०, उपनगरात २६. फक्त विजयी उमेदवारांचे हिशेब घेतले तरी ३६ बाडं झाली. प्रत्येक बाड दोघांनी वेगवेगळं संगणकावर उतरवायचं आणि मग दोन्ही नोंदी ताडून बघायच्या. बाडामागे माणशी दोन दिवस धरले तर १४४ दिवस, म्हणजे महिन्याला कामाचे २४ दिवस धरून दोघांचा तीन महिन्यांचा पगार. नगरसेवकांचे हिशेब यात घुसडू नका. ते २२७ प्रभाग राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात; त्यांचं अंदाजपत्रक वेगळं करा.

देणगीदाराला आणखी एक गोष्ट दाखवा: उमेदवाराच्या हिशेबाची वही. तिची पानं तीन रंगांची असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख, पिवळ्यावर बँक. मंडपवाल्याचं ४५ हजारांचं बिल पांढऱ्या पानावर असेल, तर पिवळ्यावर त्याचा चेक सापडायलाच हवा, कारण निवडणुकीच्या काळात एका व्यक्तीला किंवा संस्थेला रोखीने १० हजारांपेक्षा जास्त देता येत नाही. सापडला नाही, तर तिथे प्रश्न आहे. वही बघायची फी नियमानुसार एक रुपया. साक्षांकित प्रतींचे पैसे वेगळे. साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढली की कुठलं पान गुलाबी आणि कुठलं पिवळं ते कळेनासं होतं आणि ताडणी रखडते. म्हणून रंगीत स्कॅनचा खर्च आधीच मांडून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. देणगीदारांचा उत्साह प्रचारात असतो, निकालाच्या रात्री तो ओसरतो. उमेदवाराला मात्र हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायला निकालानंतर ३० दिवस असतात. म्हणजे तुमचं खरं काम सुरू होतं तेव्हा खातं रिकामं. यावर उपाय म्हणजे निवडणुकीच्या आधीच तीन हप्त्यांचं लेखी पत्र घ्यायचं: पहिला हप्ता लगेच, दुसरा हिशेबांच्या प्रती हातात आल्यावर, तिसरा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर. तिसरा हप्ता अहवाल प्रसिद्ध होण्याच्या तारखेला बांधा, त्यातल्या मजकुराला नाही. ‘अहवाल पाहून देऊ’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

नकाराची यादी विश्वस्तांच्या ठरावातच घाला: पक्ष, उमेदवार, विद्यमान लोकप्रतिनिधी आणि त्यांचे घरचे, इलेक्टोरल ट्रस्ट (देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारे न्यास), पालिकेच्या निविदा भरणारे कंत्राटदार. दुसऱ्या वर्षापासून कुणाही एकाचा वाटा वर्षाच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. गुप्तदान तर नकोच. देवळाच्या दानपेटीला जे चालतं ते इथे चालत नाही. निनावी देणगीवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लागतो. शिवाय पक्षांकडे नावं मागायची आणि आपण बिननावाचं घ्यायचं, हे कुठल्या तोंडाने?

कंपन्यांच्या सीएसआरमागे, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या पैशामागे, फार धावू नका. हा पैसा कशावर खर्च करता येतो त्याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात हा विषय नाही, त्यामुळे फाइल कायदा विभागात अडकते. परदेशी निधीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागते; त्यासाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. दुबईतल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने बँकेमार्फत पाठवलेले स्वतःचे पैसे परदेशी ठरत नाहीत. तो ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा) असेल तर ठरतात. पासपोर्टची प्रत आधी मागा.

कागदपत्रांचा क्रम ठरलेला आहे: वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी, मग पॅन, बँक खातं आणि प्राप्तिकराची तात्पुरती नोंदणी व ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता). १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत; सीएकडून पावतीचा मजकूर तपासून घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नव्या करप्रणालीतल्या देणगीदारालाही नाही. हे आधीच सांगा, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना फोन येतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज.

पक्षांना २० हजारांवरच्या देणगीदारांची नावं निवडणूक आयोगाला कळवावी लागतात. तुम्ही मर्यादा पाच हजारांवर ठेवा, यादी दर तिमाहीला वेबसाइटवर टाका आणि देणगी अर्जावरच तशी संमती घ्या. यादी बनवताना प्राप्तिकर खात्याला द्यायच्या देणग्यांच्या विवरणाची एक्सेल शीट उचलून तशीच चढवू नका. तिच्यात प्रत्येकाचा पॅन आणि पत्ता असतो. नाव, रक्कम, तारीख या तीनच रकान्यांची नवी शीट करा.