बॅगपाइपचा खर्ज परत मिळाला

ध्वनीचं एआय मॉडेल शिकवायला बॅगपाइपचे तुकडे रेकॉर्ड करत होतो. वाजवणारे काका लग्नाच्या बँडमधले, जागा परळच्या चाळीतली खोली. घरी येऊन ऐकलं तर पहिले दोन-तीन सेकंद ठीक, मग खालचा घुमणारा सूर विरत गेला आणि नुसती वरची पिपाणी उरली. जीव हळहळला. तो सूर म्हणजे या वाद्याचा प्राण! स्कॉटिश बॅगपाइपला तो काढणाऱ्या तीन नळ्या, म्हणजे ड्रोन, असतात: दोन टेनर (मधल्या पट्टीच्या) आणि एक बास (सर्वांत खालच्या पट्टीची). पिशवीवर दाब आहे तोवर ते थांबत नाहीत.

घोळ तिथेच होता. नॉइज रिडक्शन, म्हणजे रेकॉर्डिंगमधला गोंगाट आपोआप काढणारी सोय, सतत एकसारखा येणारा आवाज पंख्याची घरघर समजून कापतं. ते बंद केलं, आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारं ऑटो गेनही बंद. माइक दोन मीटर मागे नेला. खरा पंखाही बंद करावा लागला; काकांचा शर्ट पाठीला चिकटला, तरी त्यांनी "अजून एकदा घेऊ" म्हटलं.

फाइलींना सुरांची नावं देताना जपा. चँटरचा, म्हणजे बोटांनी धून वाजवायच्या नळीचा, खालचा 'ए' नेहमीसारखा ४४० हर्ट्झचा नाही, ४७० ते ४८० हर्ट्झच्या आसपास असतो. सॉफ्टवेअर त्याला बेधडक 'बी फ्लॅट' म्हणतं. म्हणून प्रत्येक तुकड्याआधी तो सूर दहा सेकंद वाजवून घेतो.