नवं साउंड कार्ड बसवलं, पण आवाज येत नाही?
आधी स्पीकरची पिन बघा. सवयीने ती मदरबोर्डच्याच (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) हिरव्या जॅकमध्ये राहते. ती कार्डाच्या हिरव्या जॅकमध्ये घाला. मग साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून नवं कार्ड निवडा. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल तर विंडोज पुष्कळदा त्यालाच आवाज पाठवत राहतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) कार्डापुढे पिवळं चिन्ह दिसलं तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. यादीत कार्डाचं नावच नसेल तर पीसी बंद करून विजेची वायर काढा, कार्ड पुन्हा बसवा. स्क्रू आवळताना कार्डाचं दुसरं टोक हळूच वर उचललं जातं, स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी पट्टी अर्धवट बाहेर दिसते. दोष बहुधा इथेच सापडतो.

फक्त कॅबिनेटच्या पुढचा हेडफोन मुका असेल तर त्या जॅकपासून आत येणारी एचडी ऑडिओची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डाच्या 9 पिनांवर लावा.