नोकरी करत शिकताय? शिष्यवृत्तीच्या आधी बँक खातं तपासा

पस्तिशी-चाळिशीत पुन्हा प्रवेश घेतलेल्यांना सरकारी मदत मिळते, पण कुठली योजना आपली नाही हे आधी कळायला हवं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची ८ लाखांची उत्पन्नमर्यादा बघून हुरळून जाऊ नका. दूरस्थ, पत्राद्वारे आणि अर्धवेळ अभ्यासक्रम तिथे सरळ बाद होतात. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत दूरस्थ शिक्षण बसतं. मात्र मर्यादा २.५ लाखांची, आणि तुम्ही कमावते असाल तर तुमचा पगारही उत्पन्नात धरला जातो. शिवाय बी.ए. झालेलं असताना आता बी.कॉम. करत असाल, तर त्याच पातळीचं दुसरं शिक्षण म्हणून अर्ज नाकारला जातो. हे दोन मुद्दे फी भरण्याआधीच पडताळा.

आता खरी मेख. अर्ज मंजूर होतो, पोर्टलवर सगळं हिरवं दिसतं, आणि खात्यात एक रुपया येत नाही. कारण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे पासबुकाच्या झेरॉक्सवर जात नाहीत. ते आधार क्रमांकावर जातात. तुमचा आधार सध्या कुठल्या बँकेला जोडलाय याची एकच नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली देयकं हाताळणाऱ्या संस्थेकडे असते. या नोंदीलाच सीडिंग म्हणतात. शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं, पैसे तिकडे. बारावी नुकतीच झालेल्या मुलाचं एकच खातं असतं. तुमचं तसं नाही. पगाराचं एक, गॅस सबसिडीसाठी कधीतरी काढलेलं एक, जुन्या नोकरीतलं बंद पडलेलं एक. त्या बंद खात्यालाच आधार जोडलेला असला की पैसे परत फिरतात.

काउंटरवर "आधार लिंक आहे" असं सांगतात. ते केवायसीपुरतंही, म्हणजे फक्त ओळख पटवण्यापुरतंही असू शकतं. लिंक वेगळं, सीडिंग वेगळं. मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' दोन्ही दिसायला हवं. बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, त्यावर 'डीबीटीसाठी' असं स्पष्ट लिहा, पोच घ्या, आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. ओटीपी येतो तो नंबर आधारला जोडलेला आणि चालू हवा, नाहीतर सुरुवात आधार केंद्रापासून.

म्हणूनच सायबर कॅफेवाल्याला शंभर रुपये देऊन 'सगळं तुम्हीच भरा' म्हणणं मला पटत नाही. तो घाईत स्वतःचा मोबाईल टाकतो, मग त्रुटीचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि दुरुस्तीची मुदत उलटते. शंका विचारायच्या तर मागच्या वर्षी ज्याचे पैसे खरोखर आले त्याला विचारा.

घाबरू मात्र नका, सीडिंग एकदा नीट झालं की बाकी वाट पाहणंच असतं. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत राज्याचा ४० टक्के आणि केंद्राचा ६० टक्के हिस्सा वेगवेगळ्या वेळी येतो. अर्धेच आले म्हणून अर्ज बाद झाला असं समजू नका. पैसे आल्यावर संस्थेची फी सात दिवसांत भरायची असते, ते विसरू नका.

कुठल्याच योजनेत न बसणाऱ्यांसाठी एक छोटी सोय आहे. स्वतःच्या शिक्षणासाठी बँकेचं कर्ज घेतलं तर त्याच्या व्याजावर प्राप्तिकरात कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि फक्त व्याजावर. खिशातून भरलेली स्वतःची फी ८०सी मध्ये दाखवू नका, ती तरतूद मुलांच्या फीसाठी आहे.